गुडघ्यापर्यंतची तुमान आणि घोट्यापर्यंतची पाटलोण

फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा शाळेत शिकताना बास्तीलचा तुरुंग, गिलोटिन आणि ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे तीन शब्द आपल्या लक्षात राहतात. त्याच धड्यात कुठेतरी ‘साँ-क्युलॉत’ हा शब्द येऊन जातो, पॅरिसमधले गरीब क्रांतिकारक असा त्याचा अर्थ सांगितला जातो आणि धडा पुढे सरकतो. या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘क्युलॉत नसलेला’ असा आहे, आणि क्युलॉत म्हणजे गुडघ्यापाशी आवळलेली तुमान. युरोपाचा इतिहास बदलणाऱ्या माणसांना त्यांनी पायांत काय घातलेले नाही यावरून नाव पडावे, ही बाब मला थांबून विचार करण्याजोगी वाटते. ते नाव का पडले हे समजण्यासाठी आधी ती तुमान जवळून पाहायला हवी.

क्युलॉत कमरेपासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येई आणि मांडीवर घट्ट बसेल अशी बेतलेली असे. कमरेखाली पुढच्या बाजूला एक चौकोनी झाप असे, तो वरच्या कडेला गुंड्यांनी अडकवलेला असे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला काही गुंड्या, त्यांच्याखाली एक अरुंद पट्टी आणि ती पट्टी आवळायला धातूचे बक्कल. खाली उघडी राहणारी पोटरी झाकायला लांब मोजा लागे. श्रीमंताचा मोजा रेशमी असे, बहुधा पांढरा, घोट्यापाशी बारीक नक्षी काढलेला. तो गुडघ्याच्या वर ओढून घ्यायचा, बंदाने बांधायचा, त्यावर क्युलॉतची पट्टी आवळायची, आणि कुठे सुरकुती दिसली तर सगळे सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ज्याच्या पोटऱ्या बारीक असत तो मोज्याच्या आत भर घालून त्यांना गोलाई आणत असे, कारण भरदार पोटरी हा त्या काळी पुरुषाच्या देखणेपणाचा मोठा भाग होता.

आता हाच पोशाख करून पॅरिसच्या रस्त्यावर उतरण्याची कल्पना करावी. अठराव्या शतकातल्या त्या शहरात पदपथ जवळजवळ नव्हतेच. बहुतेक गल्ल्यांच्या मधोमध गटार वाहत असे आणि त्यातला काळा चिखल येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी उडत असे. पांढरा रेशमी मोजा घालून त्या रस्त्याने कोरडे घरी पोहोचायचे, तर स्वतःची घोडागाडी तरी हवी, नाहीतर रोज मोजे धुऊन देणारी बाई तरी हवी. म्हणजे तो पांढरा मोजा पाहणाऱ्याला एक साधी गोष्ट सांगत असे, की या माणसाला चिखलातून चालावे लागत नाही. गुडघ्यावरच्या बक्कलचेही तसेच होते. ते बक्कल लावून शिडी चढता येत नाही, विटांचे ओझे घेऊन उठबस करता येत नाही, गुडघे टेकून लाकूड तासता येत नाही. पट्टी काचते आणि मोजा फाटतो. म्हणून बंदरावरचे हमाल, खलाशी, गाडीवान, गवंडी, सुतार असे लोक घोट्यापर्यंत येणारी सैल विजार घालत. ती जाड लोकरीची किंवा सुताडाची असे, पुष्कळदा पट्ट्यापट्ट्यांची. नडगीला खरचटण्यापासून ती वाचवत असे आणि फाटली तर ठिगळ लावून पुन्हा वापरता येत असे.

हा भेद अगदी काटेकोर होता असे मात्र समजू नये. खेड्यातले कितीतरी शेतकरी जाडीभरडी क्युलॉत आणि लोकरीचे मोजे घालत, आणि सरदारांच्या घरचे नोकर तर मालकाने दिलेल्या गणवेशात क्युलॉत घालूनच दारात उभे असत. नेमके सांगायचे तर क्युलॉत घातलेला माणूस गरीब असू शकत होता, पण लांब विजार घालून कोणी दरबारात पाऊल टाकू शकत नव्हता. लांब विजारीचा संबंध हाताने काम करण्याशी इतका पक्का जोडला गेलेला होता.

या लांब विजारीचे फ्रेंच नाव ‘पांतालाँ’. व्हेनिसच्या रंगभूमीवर पांतालोने नावाचे एक म्हाताऱ्या, चिक्कू व्यापाऱ्याचे पात्र असे आणि ते पायांत लांब लाल विजार घालून वावरत असे. व्हेनिसमध्ये आदराचे स्थान असलेल्या संत पांतालेओन यांच्या नावावरून पात्राला नाव मिळाले आणि पात्रावरून विजारीला. पुढे हाच शब्द इंग्रजीत ‘पँटलून’ झाला आणि आपल्याकडे ‘पाटलोण’. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असलेला हा शब्द व्हेनिसच्या एका संतापासून निघून इथवर आलेला आहे, म्हणून या लेखात यापुढे मी तोच वापरणार आहे. पाटलोणीकडे खालच्या नजरेने पाहण्याची रीतही फ्रान्समध्ये पहिल्यांदा सुरू झाली असे नाही. रोमन लोकांना पायघोळ विजार हे रानटी टोळ्यांचे लक्षण वाटे. आजच्या दक्षिण फ्रान्सच्या प्रदेशाला ते ‘विजारवाल्यांचा गॉल’ म्हणत, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस तर रोम शहरात विजार घालून फिरण्यावर बादशाही फर्मानाने बंदी आली होती.

1789 च्या मे महिन्यात राजा सोळाव्या लुईने व्हर्साय येथे धर्मगुरू, सरदार आणि बाकीची जनता अशा तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली. खजिना रिकामा झाला होता आणि नवे कर बसवण्यासाठी ही सभा बोलावण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नव्हते. सभेच्या आदल्या दिवशी, 4 मे रोजी, मोठी मिरवणूक निघाली, आणि त्या मिरवणुकीत कोणी काय घालावे हे दरबाराच्या शिष्टाचार-अधिकाऱ्याने आधीच ठरवून दिले होते. सरदारांना जरीकाम केलेले अंगरखे आणि पांढरी पिसे लावलेल्या टोप्या. तिसऱ्या वर्गाला, म्हणजे देशाच्या बहुसंख्य जनतेच्या प्रतिनिधींना, काळे साधे लोकरी कपडे, आखूड झगा आणि कसलीही सजावट नसलेली टोपी. तिसऱ्या वर्गाच्या त्या प्रतिनिधींत वकील, व्यापारी आणि शिकलेसवरलेले लोकच जास्त होते आणि एरवी ते चांगले कपडे घालणारे होते. आपल्याला मुद्दाम खाली दाखवले जात आहे हे त्यांना लगेच कळले. त्यांच्यात मिशेल जेरार नावाचा ब्रिटनी प्रांतातला एक शेतकरी प्रतिनिधी होता. त्याने तो काळा पोशाख घालायलाच नकार दिला आणि तो आपल्या गावाकडच्या शेतकरी वेषातच सभेत येऊन बसला. राज्यघटना होईपर्यंत पांगायचे नाही अशी जी शपथ या प्रतिनिधींनी पुढे टेनिस कोर्टवर घेतली, तिचा चित्रकार दाविद याने जो प्रसिद्ध आराखडा काढला, त्यात हा जेरार आपल्या साध्या वेषामुळे वेगळा ओळखू येतो. वर्गवार पोशाखाचा तो नियम त्याच वर्षी मोडीत निघाला. सभेतल्या तंट्याचे मूळ कपड्यांत नव्हते हे खरे, पण एका देशाच्या प्रतिनिधींत उच्च-नीच आहे हे त्या कपड्यांनी सर्वांना रस्त्यावर उघड दाखवून दिले होते.

सभागृहाबाहेरच्या माणसाची चिंता वेगळी होती. पॅरिसमधल्या साध्या मजुराला दिवसाला 20 ते 30 सू (त्या काळचे छोटे फ्रेंच नाणे) मिळत, आणि चार पौंडांचा पाव, जो एरवी 8 सूच्या आसपास मिळायचा, तो 1789 च्या सुरुवातीला साडेचौदा सूपर्यंत चढला होता. दिवसाची निम्मी किंवा त्याहून जास्त कमाई नुसत्या पावावर जात होती. त्यात 1791 च्या राज्यघटनेने नागरिकांचे दोन भाग केले. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरू शकणारा ‘सक्रिय’ नागरिक, त्याला मत. बाकीचे ‘निष्क्रिय’, त्यांना मत नाही. बास्तील पडताना जीव धोक्यात घालणाऱ्यांपैकी कितीतरी लोक या नव्या व्यवस्थेत निष्क्रिय ठरले. ‘साँ-क्युलॉत’ हा शब्द राजकारणात घोळू लागला तो याच सुमारास, आणि सुरुवातीला तो शिवी म्हणून वापरला जात होता. राजाच्या बाजूची वर्तमानपत्रे रस्त्यावरच्या लोकांना त्या नावाने हिणवत असत. ज्यांना धड तुमानही घालायला मिळत नाही ते आता राज्य चालवणार, असा त्यामागचा रोख होता.

दरबारात त्या वेळी पायांतल्या वस्तूंना किती वजन होते, याचा एक प्रसंग त्या काळच्या आठवणींमध्ये सांगितलेला आहे. मार्च 1792 मध्ये रोलाँ नावाचे गृहस्थ गृहमंत्री झाले आणि पहिल्यांदा राजाच्या भेटीला गेले, तेव्हा त्यांच्या बुटांना बक्कल नव्हते, साध्या नाड्या बांधलेल्या होत्या. दारावरच्या शिष्टाचार-अधिकाऱ्याचे लक्ष सरळ त्यांच्या पायांकडे गेले आणि तो हबकून गेला. त्याने शेजारच्या ड्युमुरिए या मंत्र्याला हळूच सांगितले, की यांच्या बुटांना बक्कलच नाही. तेव्हा ड्युमुरिए म्हणाला, मग तर सगळेच संपले. माझ्या मते हा प्रसंग केवळ गमतीचा नाही. शतकानुशतके ज्या व्यवस्थेने माणसाची पायरी त्याच्या अंगावरच्या वस्तूंवरून ठरवली, तिच्या दारावरच्या माणसाला नाडीचा बूट पाहून धोका वाटणे अगदी स्वाभाविक होते, आणि त्याचा अंदाज चुकलाही नाही. पुढे पाच महिन्यांच्या आत, 10 ऑगस्ट 1792 रोजी, जमावाने राजाचा पॅरिसमधला ट्विलेरीचा राजवाडा घेतला आणि सप्टेंबरमध्ये राजेशाही रद्द झाली.

दरम्यान त्या शिवीचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. ज्यांना उद्देशून ती दिली जात होती त्यांनीच ती उचलून घेतली. 20 जून 1792 रोजी पॅरिसच्या वस्त्यांतून निघालेला जमाव राजवाड्यात शिरला आणि राजाच्या डोक्यावर लाल टोपी चढवली गेली. त्या दिवशीच्या वर्णनांत एक फाटकी तुमान काठीवर झेंड्यासारखी उंच धरलेली होती आणि ‘अत्याचाऱ्यांनो, थरथरा, हे बघा साँ-क्युलॉत’ अशा अर्थाचे शब्द तिच्यासोबत होते, असे सांगितलेले आहे. त्यानंतर वर्षभरात साँ-क्युलॉत म्हणवून घेणे ही अभिमानाची बाब झाली. लांब पाटलोण, कार्मान्योल नावाचे आखूड जाकीट, लाकडी खडावांसारखी पादत्राणे, डोक्यावर लाल टोपी आणि तिच्यावर तिरंगी फितीचे फूल, असा एक पोशाखच ठरून गेला. श्रीमंतांना उलट ‘सोनेरी क्युलॉतवाले’ म्हणून हिणवले जाऊ लागले. क्रांतीने जे नवे पंचांग केले त्यात तीस दिवसांचे बारा महिने झाल्यावर उरणाऱ्या अखेरच्या दिवसांना ‘साँ-क्युलॉतीद’ असे नाव देण्यात आले. भाषाही याच वाटेने गेली. ‘श्रीयुत’ मागे पडून ‘नागरिक’ आला, आणि समोरच्याला आदरार्थी बोलण्याऐवजी सरसकट एकेरीत बोलावे असा आग्रह सुरू झाला. तू, तुम्ही आणि आपण यांतले अंतर जन्मापासून पाळणाऱ्या मराठी माणसाला या एका बदलात केवढी मोठी उलथापालथ सामावली होती हे वेगळे समजावून सांगायला नको.

इथे आपल्या भूमीवरची एक घटना आठवल्यावाचून राहत नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरूनच तुमची जात ओळखली जाते, म्हणून ती पद्धत सोडा, असे त्यांनी त्यांना सांगितले. गुडघ्याच्या आसपास आखूड नेसायचे लुगडे त्यांनी इतर स्त्रियांप्रमाणे पावलांपर्यंत नेसावे, आणि हातातले जाडजूड दागिने उतरवून ठेवावेत, असा त्यांचा उपदेश होता आणि स्त्रियांनी तो लगेच आचरणातही आणला. पॅरिस आणि महाड यांत एक मोठा फरक आहे आणि तो नीट ध्यानात घ्यायला हवा. पॅरिसच्या सुताराने खालचे मानले गेलेले वस्त्र अंगावर ठेवूनच त्याला मान मिळवून दिला. महाडच्या स्त्रीने लादलेली खूण टाकून दिली आणि जे वस्त्र तिला नाकारले गेले होते ते नेसले. सुताराची पाटलोण त्याच्या कामाला सोयीची होती, ती त्याने स्वतः निवडली होती असे निदान म्हणता येईल. आखूड लुगडे ही मात्र दुसऱ्यांनी ठरवलेली मर्यादा होती, आणि जिथे खूण दुसऱ्याने लादलेली असते तिथे तिचा अभिमान बाळगणे हा मार्ग खुला नसतो. म्हणून दोन्ही कृती बरोबर विरुद्ध दिशेच्या असूनही दोन्ही क्रांतिकारक आहेत.

पाटलोण घालणारे सगळे खरोखर गरीब होते का, हा प्रश्न इतिहासकारांनी बारकाईने तपासला आहे. आल्बेर सोबूल या फ्रेंच इतिहासकाराने पॅरिसच्या वस्त्यांमधल्या क्रांतिकारक समित्यांच्या 454 सभासदांचे व्यवसाय शोधून काढले. त्यांतले 290, म्हणजे जवळजवळ चौसष्ट टक्के, स्वतःचे दुकान किंवा कारखाना असलेले कारागीर आणि दुकानदार निघाले. मजूर आणि घरगडी मिळून दहा टक्केही नव्हते. साँतेर हा साँत-आंत्वान वस्तीतला मोठा पुढारी, त्याचा बिअर गाळण्याचा व्यवसाय चांगला भरभराटीला आलेला होता. साँ-क्युलॉत म्हणजे पॅरिसमधला सर्वांत दरिद्री माणूस, असे समीकरण मांडता येत नाही. आपल्या हाताने काम करणे, आपल्या कमाईवर जगणे आणि साठेबाजांपासून पावाची किंमत वाचवणे, या तीन गोष्टींवर एकत्र आलेल्या लोकांची ती ओळख होती. सप्टेंबर 1793 मध्ये जीवनावश्यक वस्तूंच्या किमतींवर कायद्याने मर्यादा आली, ती त्यांच्याच दबावामुळे.

पोशाख ही अशी घेता येण्याजोगी ओळख असते, म्हणून ती पांघरताही येते. साँ-क्युलॉत म्हटले की पुस्तकांतून जे चित्र हमखास छापले जाते, ते बोआयी या चित्रकाराने काढलेले आहे आणि आता पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयात आहे. सैल पाटलोण, आखूड जाकीट, पायांत लाकडी पादत्राणे आणि हातात मोठा तिरंगी झेंडा घेतलेला एक उमदा माणूस त्यात उभा आहे. तो माणूस म्हणजे शनार नावाचा रंगभूमीवरचा गायक-नट. 14 ऑक्टोबर 1792 च्या एका नागरी उत्सवात तो झेंडा घेऊन त्या वेषात सामील झाला होता. त्याची निष्ठा खोटी होती असे म्हणण्याचे काही कारण नाही, पण सुताराचा म्हणून आपण जो चेहरा ओळखतो तो एका कलावंताचा आहे, हे विसरू नये. उलट बाजूला रोबेस्पियर. साँ-क्युलॉतांचा सर्वांत मोठा आधार असलेला हा पुढारी शेवटपर्यंत पावडर लावलेले केस, नेटके अंगरखे, क्युलॉत आणि रेशमी मोजे यांतच वावरला. जून 1794 मधल्या परमेश्वर-उत्सवाला तो आकाशी रंगाचा अंगरखा आणि क्युलॉत घालून आघाडीवर चालला. मतांची आणि पायांतल्या कपड्यांची जोडी पक्की जमली होती असे मानणे त्याच्या उदाहरणापुरते तरी चुकते.

ज्यांना पुढारीपणाचे संरक्षण नव्हते त्यांना मात्र हे स्वातंत्र्य राहिले नाही. सप्टेंबर 1793 मध्ये संशयितांना पकडण्याचा कायदा झाला आणि माणसाच्या वागण्या-बोलण्यावरून, संबंधांवरून त्याला तुरुंगात टाकता येऊ लागले. अशा काळात रेशमी मोजा पेटीत दडवून ठेवणे शहाणपणाचे होते. रेशमाला गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा लियों शहरातल्या विणकरांचे माग थांबले, आणि हे विणकर स्वतः कष्टकरीच होते. वरच्या वर्गाच्या पोशाखावर घाव घातला की तो विणणाऱ्या हातावरही पडतो, ही या कथेची मला सर्वांत दुःखद वाटणारी बाजू आहे. 1794 मध्ये सरकारने चित्रकार दाविद यांना नव्या नागरिकासाठी राष्ट्रीय पोशाखाचे नमुने काढायला सांगितले. त्यांनी घट्ट विजार, आखूड अंगरखा आणि खांद्यावरून सोडलेला झगा असे नमुने काढलेही, पण लोकांनी ते स्वीकारले नाहीत. जुलै 1794 मध्ये रोबेस्पियर गिलोटिनवर गेला आणि वारे फिरले. ‘म्युस्कादँ’ म्हणून ओळखले जाणारे सुखवस्तू तरुण घट्ट क्युलॉत, उंच कॉलर आणि हातात जाड काठ्या घेऊन टोळ्यांनी फिरू लागले आणि लाल टोपी दिसली की मारहाण करू लागले. 1795 च्या वसंतात वस्त्यांनी भाकरीसाठी दोनदा उठाव केला. तो मोडून त्यांची शस्त्रे काढून घेतली गेली, आणि साँ-क्युलॉतांचे राजकारण तिथे संपले.

तरीही आज जगभरचे पुरुष पाटलोण घालतात आणि क्युलॉत कुठेच दिसत नाही. हा क्रांतीचा विजय म्हणायचा का? अंशतः. नेपोलियनने आपल्या दरबारात क्युलॉत आणि रेशमी मोजे पुन्हा आणले होते, म्हणजे क्रांतीने त्यांना कायमचे घालवले असे झाले नाही. पाटलोण वर चढली ती अनेक वाटांनी. इंग्लंडमधले जमीनदार घोड्यावर बसण्याच्या साध्या पोशाखातच शहरात वावरू लागले होते. युद्धांमुळे युरोपातल्या लाखो तरुणांना सैन्यात लांब विजारीची सवय लागली. लंडनमध्ये पोशाखाच्या बाबतीत आदर्श मानले गेलेले ब्रमेल यांनी नीट बेतलेल्या, तळपायाखालून पट्टी घेतलेल्या साध्या गडद पाटलोणीला उच्चभ्रू समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली. 1820 च्या दशकापर्यंत शहरातला सभ्य माणूस दिवसा पाटलोणच घालू लागला. क्युलॉत मागे सरकत सरकत राजदरबाराच्या समारंभांत जाऊन बसली. 1924 मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे पहिले सरकार आले, तेव्हा कामगारांच्या प्रतिनिधींनी राजाच्या भेटीला दरबारी पोशाख घालावा की नाही यावर पक्षात वाद झाला, इतकी त्या कपड्यांची जुनी ओळख टिकून होती. क्रांतीने केले ते एवढे, की पाटलोण घालणे म्हणजे आपली पायरी सोडणे, ही भावना तिने मोडून काढली. ती मोडल्यावर बाकीच्या कारणांना वाट मोकळी झाली.

ही वाट फक्त पुरुषांसाठी मोकळी झाली. ऑक्टोबर 1789 मध्ये पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या त्या पॅरिसच्या बाजारातल्या बायका होत्या. 1793 मध्ये क्लेर लाकोंब आणि पोलिन लेओं यांच्या पुढाकाराने क्रांतिकारक स्त्रियांचा एक मंडळ-संघ पॅरिसमध्ये काम करत होता. त्याच्या काही सभासद लाल टोप्या घालत असत आणि इतर स्त्रियांनीही तसे करावे असा त्यांचा आग्रह होता, असे सांगत बाजारातल्या विक्रेत्या बायकांनी त्यांच्याशी हाणामारी केली. त्यावर 29 ऑक्टोबर 1793 रोजी राष्ट्रीय सभेने ठराव केला, की कोणीही कोणावर विशिष्ट पोशाखाची सक्ती करू नये, प्रत्येकाला हवे ते कपडे घालण्याचे स्वातंत्र्य आहे. वाचताना हा ठराव फार उदार वाटतो. पण त्यात एक छोटी अट होती, की ते कपडे आपापल्या लिंगाचे असावेत. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच सभेने स्त्रियांच्या सर्व राजकीय मंडळांवर बंदी घातली. पोशाखाचे स्वातंत्र्य आणि राजकारणातून हकालपट्टी या दोन गोष्टी एका रात्रीच्या अंतराने आल्या, हे या इतिहासात जेवढे ठळकपणे सांगितले जायला हवे तेवढे सांगितले जात नाही.

त्या छोट्या अटीचे पुढे नियमात रूपांतर झाले. नोव्हेंबर 1800 मध्ये पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने हुकूम काढला, की ज्या स्त्रीला पुरुषी वेष करायचा असेल तिने पोलीस कचेरीतून परवाना घ्यावा आणि त्यासाठी प्रकृतीचे कारण दाखवणारा वैद्याचा दाखला आणावा. चित्रकार रोझा बोनर यांनी असा परवाना घेतलेला होता. घोड्यांचे आणि गुरांचे चित्रण करण्यासाठी त्यांना कत्तलखान्यांत आणि घोडेबाजारांत जावे लागे, तिथे घोळदार झगा घालून रक्तातून आणि शेणातून चालणे शक्य नव्हते, आणि बाई म्हणून वेगळे पडल्यास काम करणेही शक्य नव्हते. दर सहा महिन्यांनी त्यांना त्या कागदाचे नूतनीकरण करून घ्यावे लागे. ज्या कारणासाठी पॅरिसच्या सुताराने आणि गाडीवानाने पाटलोण घातली, अगदी त्याच कारणासाठी ती मागणाऱ्या स्त्रीला क्रांतीनंतर अर्ध्या शतकानेही पोलिसांची सही लागत होती. 1892 मध्ये आणि पुन्हा 1909 मध्ये नियमात सवलत आली, की हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचे हँडल असेल तर स्त्रीने पाटलोण घालायला हरकत नाही. त्यानंतर युद्धे आली, कारखाने आले, स्त्रियांनी परवानगीची वाट न पाहता पाटलोण घातली आणि हुकूम दफ्तरात पडून राहिला. तो हुकूम राज्यघटनेतील समतेच्या तत्त्वाशी विसंगत असल्यामुळे आपोआप रद्द झालेला आहे, असे फ्रान्सच्या महिला-हक्क मंत्री नजात व्हालो-बेल्कासेम यांनी 31 जानेवारी 2013 रोजी लेखी उत्तरात स्पष्ट केले.